शर्यतीआधीचे सात दिवस : मानसिक तयारीच्या एका सेवेचे परीक्षण

रस्त्यावरच्या सायकल शर्यती खेळणाऱ्यांसाठी, शर्यतीआधीच्या सात दिवसांत मनाची तयारी करून घेणारी एक छोटी सेवा पुण्यात चालते. ती चालवणाऱ्या बाई एकेकाळी स्वतः शर्यती खेळलेल्या आहेत आणि क्रीडा-मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेल्या आहेत. मुले त्यांना मॅडम म्हणतात, म्हणून येथे मीही तेच संबोधन वापरतो. एका वेळी मोजकेच स्पर्धक घ्यायचे आणि जाहिरात करायची नाही असा त्यांचा शिरस्ता आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव देत नाही, परंतु पुण्यातल्या एखाद्या जुन्या सायकल क्लबात विचारणा केली तर पत्ता सहज मिळेल. मी कुमार आणि तरुण गटातल्या स्पर्धकांना शिकवतो. आमच्या क्लबातली काही मुले-मुली बोरघाटाच्या जुन्या रस्त्यावर होणाऱ्या चढाईच्या शर्यतीत उतरणार होती. त्यांना मी या सेवेत दाखल केले आणि प्रत्येक बैठकीला मागच्या बाकावर बसून सगळे ऐकले.

सेवेची रचना साधी आहे. समोरासमोरच्या तीन बैठका शर्यतीच्या सहा, चार आणि दोन दिवस आधी होतात. मधल्या दिवसांत मोबाइलवर ऐकण्यासाठी मराठीतून ध्वनिमुद्रित सूचना दिल्या जातात. पालकांसाठी एक स्वतंत्र बैठक असते आणि आदल्या संध्याकाळी मॅडमचा प्रत्येकाला फोन येतो. शुल्क माणशी साडेतीन हजार रुपये आहे. चांगल्या टायरच्या जोडीला याहून जास्त पैसे मोजणारे स्पर्धक या रकमेला महाग म्हणतात तेव्हा मला वाईट वाटते. पण ज्या घरात सायकलीचे हप्ते अजून फिटायचे आहेत त्या घराला ही रक्कम जड जाते, हेही तितकेच खरे आहे.

या आठवड्याला वेगळी मदत का लागते, हे आधी सांगायला हवे. शर्यत जवळ आली की सराव कमी करतात. याविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाची तीव्रता तशीच ठेवून त्याचे प्रमाण साधारण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवावे आणि हे सुमारे दोन आठवडे करावे, म्हणजे कामगिरी सर्वाधिक सुधारते, असा त्याचा निष्कर्ष होता. शरीराच्या दृष्टीने हे उत्तमच आहे. परंतु रोज तीन-चार तास सायकलवर असणाऱ्या मुलाच्या हातात अचानक रिकामा वेळ येतो आणि तो सगळा वेळ मन खाऊन टाकते. सराव कमी केल्यावर सुरुवातीला पाय जड वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण मुलाला वाटते की आपली तयारीच गेली, आणि मग तो कुणाला न सांगता पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन घाट चढून येतो. शर्यतीच्या आठवड्यात झालेले बहुतेक घोटाळे मी याच वाटेने होताना पाहिले आहेत. शर्यतीच्या मानसिक तयारीतले पहिले काम म्हणजे मुलाला हे कळू देणे की त्याला जे जाणवते आहे ते बिघाडाचे लक्षण नाही. मॅडम पहिल्या बैठकीची पहिली पंधरा मिनिटे केवळ याच विषयाला देतात, आणि त्यांच्याकडून ते ऐकताना मुलांचे खांदे सैल पडलेले मागून स्पष्ट दिसतात.

त्यानंतर भीती कागदावर उतरवण्याचे काम असते, आणि या सेवेचे खरे वेगळेपण माझ्या मते इथे सुरू होते. ‘भीती वाटते’ एवढे लिहिलेले मॅडम स्वीकारत नाहीत. कुठे, कोणत्या वळणावर, नेमके काय झाले तर, असे विचारत त्या प्रत्येकाला रस्त्यावर आणून उभे करतात. बोरघाटाची चढण सगळ्यांच्या ओळखीची आहे. खोपोलीची सपाटी समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही आणि वर लोणावळा सहाशेच्या पुढे आहे, म्हणजे एका घाटात साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंची चढायची. मुंबई-पुणे शर्यतीत याच घाटासाठी ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब दिला जात आलेला असल्यामुळे महाराष्ट्रातल्या प्रत्येक चढाईपटूच्या मनात या रस्त्याला वेगळे वजन आहे. आमच्या एका मुलाने आधी लिहिले होते, ‘घाटात मागे पडेन.’ प्रश्न विचारता विचारता त्याचे झाले, ‘शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे बंच वेग वाढवेल, मी पुढच्या चाकापासून सुटेन आणि मग एकटा पडेन.’ (बंच म्हणजे एकत्र चालणारा स्पर्धकांचा घोळका, आणि चाकाला लागणे म्हणजे पुढच्या सायकलीच्या अगदी मागे राहून तिचा आडोसा घेणे.) पहिल्या वाक्यावर काही करता येत नाही. दुसऱ्यावर मात्र भरपूर करता येते : देवळाच्या आधी बंचमध्ये जागा कुठे घ्यायची, गिअर कधी हलका करायचा, सुटलोच तर मागून येणाऱ्या कुणाच्या चाकाला लागायचे, हे सगळे त्या वाक्यातूनच निघते. मुलाच्या मनातली भीती काढून टाकण्याचा प्रयत्न मॅडम करत नाहीत. ती भीती कामाला लावतात, आणि मला ही पद्धत पूर्णपणे पटलेली आहे.

या कामाला त्या ‘जर-तर’ची वाक्ये जोडतात. अमुक घडले तर मी तमुक करीन, असे आधी ठरवून ठेवले की प्रत्यक्ष वेळी विचार करायची गरज कमी होते, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून पुढे आलेले तत्त्व आहे. सायकलिंगमधले त्याच्या जवळचे सर्वांत बोलके उदाहरण मॅडम सांगतात ते २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधले. ट्रॅकवरच्या एक किलोमीटरच्या शर्यतीत ब्रिटनचा ख्रिस हॉय सर्वांत शेवटी धावणार होता. ब्रिटिश संघाबरोबर काम करणारे मनोविकारतज्ज्ञ स्टीव्ह पीटर्स यांनी त्याला बऱ्याच आधी विचारले होते की तुझ्या आधीच्या कुणी विक्रम मोडला तर तू काय करशील. त्याचा विचार करणार नाही, हे उत्तर पुरेसे नाही, कारण विचार करायचा नाही असे म्हटले की तोच विचार येतो. त्याच्या जागी दुसरे काहीतरी ठेवावे लागते. हॉयने त्या जागी स्वतःच्या धावेचे चित्र ठेवले, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, पुन्हा पुन्हा. अथेन्समध्ये अगदी तसेच घडले. त्याच्या आधीचे स्पर्धक एकामागून एक वेळ खाली आणत गेले आणि फ्रान्सच्या आर्नो तूर्नाँने १ मिनिट ०.८९६ सेकंद अशी वेळ दिली. हॉयने १ मिनिट ०.७११ सेकंदांत सुवर्णपदक घेतले. ही गोष्ट सांगून झाल्यावर मॅडम मुलांना लगेच लिहायला बसवतात, आणि वाक्ये पाचाच्या वर जाऊ देत नाहीत. पंक्चर, चेन उतरणे, बाटली पडणे, सुरुवातीलाच वेग अंगावर येणे आणि पाचवे ज्याचे त्याने निवडायचे. या मर्यादेचे महत्त्व मला फार वाटते. वीस संकटांची यादी करणारे मूल शर्यतीआधीच दमून जाते.

दुसरी बैठक मनातल्या सरावाची असते. डोळे मिटा आणि स्वतःला व्यासपीठावर पदक घेताना पाहा, असल्या सूचना देणारी ध्वनिमुद्रणे हल्ली पुष्कळ मिळतात आणि मी ती मुलांना ऐकू देत नाही, कारण त्यांत रस्ताच नसतो. मॅडमची पद्धत होम्स आणि कॉलिन्स या अभ्यासकांनी २००१ मध्ये मांडलेल्या ‘पेटलेप’ या आराखड्यावर बेतलेली आहे. मनातला सराव शरीराची स्थिती, भोवतालचे वातावरण, प्रत्यक्ष काम, लागणारा वेळ आणि त्या वेळची भावना या सगळ्या बाबतींत खऱ्या शर्यतीच्या जितका जवळ असेल तितका तो उपयोगी पडतो, असे त्याचे थोडक्यात सांगणे आहे. म्हणून मुले शर्यतीची जर्सी घालून, स्वतःच्या सायकलवर बसून, ती रोलरवर (सायकल जागच्या जागी चालवता येईल अशा साधनावर) ठेवून हा सराव करतात. हात हँडलवर जिथे असणार तिथेच असतात. आणि चढणीला जेवढी मिनिटे लागणार तेवढीच मिनिटे मनातही लागली पाहिजेत, हा नियम सर्वांत कडक आहे. पहिल्या वेळी बहुतेकांचा घाट निम्म्या वेळात संपतो, कारण मन कष्टाचे टप्पे गाळून टाकते. ते गाळलेले टप्पे शोधून मॅडम पुन्हा चढायला लावतात. रस्ता ज्यांनी प्रत्यक्ष चढलेला नाही त्यांच्यासाठी मोबाइलवर केलेले रस्त्याचे चित्रण त्यांनी ठेवले आहे, पण बाहेरगावच्या स्पर्धकाने एकदा तरी घाट स्वतः चढून यावा, असा माझा आग्रह राहील. चित्रणात चढाचा कल कळत नाही.

याच बैठकीत धडधडणाऱ्या छातीचा विषय येतो. शर्यतीच्या सकाळी छातीत धडधड होते, तोंड कोरडे पडते, पोटात गोळा येतो. शांत हो, असे या अवस्थेतल्या मुलाला सांगून काही होत नाही. ॲलिसन वूड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, धास्तावलेल्या माणसांनी स्वतःला ‘मी शांत आहे’ असे सांगण्याऐवजी ‘मी उत्सुक आहे’ असे सांगितले तेव्हा त्यांचे गाणे, भाषण आणि गणित अधिक चांगले झाले. हे प्रयोग सायकलपटूंवर झालेले नव्हते, हे मॅडमने मुलांना स्पष्टपणे सांगितले, आणि या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा विशेष आदर वाटला. क्रीडा-मार्गदर्शनाच्या बाजारात कोणतेही संशोधन कशालाही चिकटवून विकले जाते. येथे तसे होत नाही. धडधड ही शरीर तयार झाल्याची खूण आहे, एवढेच मुलांच्या लक्षात राहावे, असा प्रयत्न असतो, आणि बहुतेकांच्या ते लक्षात राहिले.

स्वतःशी बोलण्याच्या भागाविषयी मात्र माझी तक्रार आहे. चढणीवर पाय जळू लागले की मनात कोणती वाक्ये म्हणायची, हे मॅडम प्रत्येकाकडून निवडून घेतात, आणि त्यासाठी ब्लँचफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासाचा दाखला देतात. त्या अभ्यासात २४ जणांपैकी ज्या गटाला उत्तेजन देणारी स्वयंवाक्ये शिकवली होती, त्या गटाचा सायकलवर पूर्ण दमेपर्यंतचा वेळ १८ टक्क्यांनी वाढला. दाखला योग्यच आहे. परंतु त्या लोकांना ही वाक्ये अंगवळणी पाडण्यासाठी दोन आठवडे मिळाले होते. येथे ती वाक्ये शर्यतीच्या चार दिवस आधी हाती येतात, जेव्हा कठीण सराव जवळपास संपलेला असतो आणि ती प्रत्यक्ष कष्टात वापरून पाहण्याची संधी उरलेली नसते. आमच्या क्लबातल्या ज्या मुलांनी घाटात ही वाक्ये वापरली, ती अशीच मुले होती जी पूर्वीपासून स्वतःशी काहीतरी पुटपुटत चढतात. बाकीच्यांना ती आठवलीच नाहीत. हा भाग सात दिवसांच्या आराखड्यातून काढून तीन आठवडे आधी एका वेगळ्या बैठकीत शिकवावा, असे मी मॅडमना सांगितले आहे आणि इच्छुकांनी नोंदणी करतानाच तशी मागणी करावी.

दुसरी तक्रार शेवटच्या बैठकीची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात केलेला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोळा जणांना आधी दीड तास लक्ष खिळवून ठेवणारे संगणकावरचे काम दिले आणि मग सायकलवर दमेपर्यंत पॅडल मारायला लावले, तेव्हा ते सरासरी ६४० सेकंद टिकले. तेच लोक एरवी ७५४ सेकंद टिकत होते. हृदय आणि स्नायू यांच्या पातळीवर त्यांच्यात फरक नव्हता, कष्ट मात्र त्यांना अधिक जाणवत होते. मॅडम हा प्रयोग स्वतः शिकवतात, शर्यतीच्या आधी डोक्याला शीण देऊ नका असे बजावतात, आणि मग शर्यतीच्या दोन दिवस आधी मुलांना जवळजवळ दोन तास बसवून आराखडे, तक्ते आणि प्रश्नावल्या भरून घेतात. त्या प्रयोगातला शीण सायकलवर बसण्याच्या लगेच आधीचा होता आणि दोन रात्रींच्या झोपेने तो निघून जाईल, हे मान्य आहे. तरीही त्या संध्याकाळी नुकतीच परीक्षा देऊन आल्यासारखी दिसणारी मुले पाहून ही बैठक अर्ध्या तासात आटोपायला हवी होती, असे मला ठामपणे वाटले. प्रश्नावल्यांतून मॅडमना त्यांच्या कामाची नोंद मिळते, हे मी समजू शकतो. ती नोंद शर्यत झाल्यावर घ्यावी.

आदल्या संध्याकाळच्या फोनचेही तसेच. तो पाच मिनिटांचा असतो आणि गोड असतो, परंतु तो कधी येईल याची वाट पाहण्यात काही मुलांची संध्याकाळ जाते. वेळ आधी ठरवून दिली तर ही अडचण दूर होईल.

झोपेविषयीचा सल्ला उत्तम आहे आणि थोडक्यात आहे. आदल्या रात्री झोप कमी लागणारच, हे गृहीत धरून त्याआधीच्या तीन-चार रात्री भरपूर झोपून घ्यायचे आणि आदल्या रात्री अंथरुणात नुसते पडून राहिले तरी चालेल असे मानायचे. घड्याळ पाहायचे नाही. सायकलीची तपासणीही आदल्या रात्री करायची नाही, ती दोन दिवस आधीच उरकायची, कारण रात्री दहा वाजता गिअर नीट बसत नसल्याचे लक्षात आले तर ती रात्र हातची गेली.

आता पालकांच्या बैठकीविषयी. संपूर्ण सेवेतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि तो नसता तर मी हे परीक्षण कदाचित लिहिलेच नसते. आपल्याकडे सायकल शर्यतीत उतरणारी पुष्कळ मुले अशा घरांतून येतात जिथे सायकल ही घरातली दुचाकीहून महाग वस्तू असते. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलेले असते, आईने काहीतरी मोडलेले असते, मामाने चाके घेऊन दिलेली असतात. हे सगळे मुलाला माहीत असते. शर्यतीच्या आठवड्यात घरातून कुणी काही बोलले नाही तरी त्याच्या मनावर ते ओझे असतेच, आणि बहुतेक घरांत बोलणारे असतातच. ‘यंदा नंबर आलाच पाहिजे’ हे वाक्य प्रेमानेच उच्चारलेले असते. नातेवाइकांचे शुभेच्छांचे फोन प्रेमानेच येतात. मावशी आदल्या दिवशी पुरणपोळीही प्रेमानेच पाठवते.

मॅडमने पालकांना कोणताही दोष दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले की शर्यतीच्या आठवड्यात तुम्ही मुलाशी काय काय बोलता ते आठवून सांगा, आणि पालक एकेक वाक्य सांगू लागले तसतशी खोली गंभीर होत गेली. एका वडिलांनी सांगितले, “मॅडम, मी रोज रात्री त्याला फक्त विचारतो, यंदा जमेल ना?” त्यावर मॅडम म्हणाल्या, “दादा, तो उत्तर काय देतो?” वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “उत्तर देत नाही. ताट अर्धे ठेवून उठतो.” यानंतर कुणाला वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. मॅडमने पर्याय म्हणून दिलेली वाक्ये अगदी घरगुती आहेत : सायकल धुवायला मदत करू का, सकाळी किती वाजता निघायचे आहे, डबा काय देऊ. कामाचे विचारायचे, निकालाचे विचारायचे नाही. नातेवाइकांचे फोन घरातल्या एका मोठ्या माणसाने घ्यायचे आणि मुलापर्यंत निरोप शर्यतीनंतर पोहोचवायचे. आठवडाभर रोजचेच जेवण द्यायचे. आणि शर्यत संपल्यावर पहिला प्रश्न कितवा आलास हा नसावा, हे त्यांनी दोनदा सांगितले.

त्यांचा शेवटचा सल्ला मला सर्वांत धाडसी वाटला. कर्जाचा विषय टाळू नका, उलट शर्यतीच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच मुलाला स्वच्छ सांगा की हप्ते भरणे हे आमचे काम आहे आणि या शर्यतीच्या निकालावर ते अवलंबून नाहीत, असे त्या म्हणाल्या. आमच्या क्लबातल्या दोन घरांत हे संभाषण खरोखर झाले. त्यातल्या एका मुलाने नंतर मला सांगितले, “सर, बाबा तसे बोलले तेव्हा पहिल्यांदा वाटले की शर्यत माझी आहे.” त्याचा क्रमांक पहिल्या दहांत नव्हता. पण शिंग्रोबाच्या पुढच्या वळणांवर तो सुटला आणि पुन्हा चाकाला लागला, आणि एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून मी सांगतो की सुटलेला मुलगा सहसा परत येत नाही.

एक मोठी उणीव सांगितलीच पाहिजे. मुलींच्या तयारीचा वेगळा विचार या आराखड्यात नाही. शर्यतीच्या आठवड्यात पाळी येणे, सुरुवातीच्या जागी स्वच्छतागृह नसणे, पहाटेच्या अंधारात वॉर्मअपला एकटीने जावे लागणे या गोष्टी आमच्या मुलींच्या भीतीच्या यादीत सर्वांत वर होत्या आणि मुलांच्या समोर त्यांनी त्या कागदावर लिहिल्या नाहीत. बैठक संपल्यावर त्यांनी त्या मॅडमना बाजूला घेऊन सांगितल्या. मॅडम स्वतः शर्यती खेळलेल्या असल्यामुळे त्यांनी त्या समजून घेतल्या आणि प्रत्येकीला उपयोगी उत्तरेही दिली. परंतु हे काम दारात उभे राहून होऊ नये, त्यासाठी मुलींची स्वतंत्र अर्ध्या तासाची बैठक असायला हवी. पुढच्या गटापासून तशी सोय करण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

पहिलीच शर्यत खेळणाऱ्यांना मी ही सेवा सुचवणार नाही. त्यांना अजून रस्ता, बंचमधले चालवणे आणि स्वतःची ताकद यांची ओळख व्हायची असते, आणि ज्या वळणावरून आपण कधी शर्यतीच्या वेगाने गेलेलो नाही त्या वळणाची भीती नेमकी लिहिता येत नाही. दोन-तीन शर्यती खेळलेल्या, सराव व्यवस्थित झालेला असूनही शर्यतीच्या सकाळी कोलमडणाऱ्या स्पर्धकाला मात्र तिचा निश्चित लाभ होईल. सराव अपुरा असेल तर मनाची कोणतीही तयारी घाट चढवत नाही, आणि मॅडम अशा मुलांना पहिल्या फोनवरच नकार देतात.

नोंदणी शर्यतीच्या किमान तीन आठवडे आधी करावी, म्हणजे स्वयंवाक्यांची बैठक आधी मागून घेता येते. बैठका संध्याकाळी होतात आणि सायकल व रोलर स्वतःचे न्यावे लागतात. ज्यांच्याकडे रोलर नाही त्यांनी आधी कळवल्यास सोय होते. पालकांची बैठक स्वतंत्रपणेही घेता येते आणि तिचे शुल्क संपूर्ण गटाला मिळून दोन हजार रुपये आहे. ज्या क्लबांना पूर्ण सेवा परवडत नसेल त्यांनी निदान एवढी बैठक अवश्य ठेवावी, आणि शक्यतो आईवडील दोघांनाही बोलवावे.